जपून ठेवलेली गाठ

९ जानेवारी

चि. भिंगरीस,
आजीचे अ. उ. आ.

माझ्याच हाताने लिहिते आहे, तेव्हा ओळ कुठे उतारावरून घसरली तर तूही तिच्यासोबत खाली ये. शाळा माझ्या वाट्याला चिमूटभर आली, त्या चिमटीत मावलं तेवढ्यावर हे पत्र उभं आहे. तू केस कापलेस असं ऐकलं. कापलेस ते कापलेस, निदान सरळ तरी कापले का?

तुझे आजोबा दवाखान्यातून घरी आले. उजवा हात आणि उजवा पाय गेला तो गेलाच. वाचाही गेली, पण सगळी नाही. एक शब्द उरला आहे. कुठला असेल, सांग बघू? "बरं". अगं, ज्या माणसाने जन्मात कुणाच्या कामाला बरं म्हटलं नाही त्याच्या तोंडात नेमका तेवढाच राहिला. सूप भरवलं, बरं. उशी ओढून घेतली, बरं. चुकून पायावर बादली ठेवली, तरी बरं. मी तर पदरात तोंड घालून हसते.

डॉक्टर म्हणाले, यांना एकटं पडू देऊ नका, जिथे आयुष्य गेलं तिथे बसवा, मन रमेल. म्हणून मी चाकाची खुर्ची तंबाखूचे पाईप घडवायच्या खोलीत नेली, त्यांच्याच टेबलासमोर, लाकूड आवळून धरायच्या शिकंज्यापासून दोन हातांवर. चाकांचा खटका लावून टाकला, घसरायला नको. आता ते बसलेत आणि पुढ्यात काहीच चाललेलं नाही, हे दिसायलाही वाईट. मग मीच कामाला बसले.

हसू नकोस. तंबाखूचा पाईप करायला घेतला आहे. आख्खा, पहिल्या करवतीपासून. इतकी वर्षं ते घडवणार आणि मी घासणार. घासकागद आणि मेण, एवढाच माझा संसार त्या खोलीत. गिरमिटाला हात लावला की म्हणायचे, तुझे हात पळी धरण्यात गेले, ते लाकडाला लावू नकोस. गिऱ्हाइकासमोर म्हणायचे. गिऱ्हाईक हसायचं, मग मीही हसायचे, नाहीतर वाईट दिसलं असतं. परवा त्यांना नीट विचारलं, अहो, एक करून बघू का? म्हणाले, बरं.

राहिलं लाकूड. साधे तुकडे होते ते सगळे दुकानदार घेऊन गेला, तोच आपले पाईप विकायचा तो. मग मी खाटेखालची ट्रंक ओढली. तिच्यात फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेली एक मुळाची गाठ सापडली, माझ्या दोन मुठींएवढी. वजनाला दगड, आणि अंगावरच्या रेषा अशा उभ्या, जशा काही विंचरून ठेवल्यात. गुंडाळी सोडताना तुझे आजोबा इतक्या वेळा बरं बरं म्हणाले की मला वाटलं, आता उठून उभेच राहतात.

तू फ्रेमच्या दुकानात काम करतेस, तुला हत्यारं कळतात. आधी काय आणि मग काय, ते लिहून कळव. तुझ्या बाबाला म्हणावं, मागच्या वेळी पाठवलेला पाव खाली करपला होता, पण मी खाल्ला.

आजीवरची माया अशीच ऊनऊन राहू दे.
तुझी आजी


१७ जानेवारी

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

केस सरळ कापले आहेत. डावीकडचे जरा जास्त सरळ आहेत, एवढंच.

तुझं पत्र बेकरीत वाचलं. बाबा कणीक मळत होते, मी भट्टीपाशी पिठाच्या पोत्यावर बसून मोठ्याने वाचत होते. गाठीपर्यंत आले आणि बाबांचे हात थांबले. ते कसे आहेत तुला ठाऊक आहे, पाव करपला तरी पावावर रागावत नाहीत. त्यांनी एकच विचारलं, गुंडाळी सोडली तेव्हा त्यांचा चेहरा कसा झाला, ते लिहिलंय का. लिहिलं नव्हतं. मग म्हणाले, पुढच्या वेळी लिही म्हणावं.

आजी, ती गाठ ती तर नव्हे? मी लहान असताना आजोबांनी मला एकदा दाखवली होती. आधी हात धुवायला लावले, मग पुसायला लावले, आणि तरी हातात दिली नाहीच. बाबा पाळण्यात होते तेव्हा आजोबांनी ती स्वतः खणून काढली होती, उकळली होती, आणि तेव्हापासून अंधारात वाळत ठेवली होती. म्हणाले होते, आयुष्यातला शेवटचा पाईप हिचा करीन आणि तो विकणार नाही. आता त्यांच्या हातून तो व्हायचा नाही हे खरं. पण म्हणून त्यांच्यासमोर? ती परत ट्रंकेत ठेव. मी साधे तुकडे पाठवते, हवे तेवढे बिघडव.

आणि करायचाच असेल तर आधी भोकं, मग आकार. चौकोनी ठोकळा शिकंज्यात घट्ट बसतो. तंबाखूची वाटी वरून कोरायची, धुराची नळी दांडीच्या बाजूने पाडायची, आणि ती नळी वाटीच्या बरोबर तळाशी निघाली पाहिजे. एकदा का ठोकळा गोल केलास की तो शिकंज्यात धरत नाही आणि नेम चुकतो. नवशिके इथेच फसतात. मीही फसले.

हो, मीही एक करते आहे. दुकानात, जेवणाच्या सुट्टीत, फ्रेमच्या उरलेल्या लाकडाचा. बाबांना सांगितलेलं नाही. पाईपचा विषय निघाला की ते उठून भट्टीत लाकूड सारतात. पूर्ण झाला की दाखवीन. तू काही बोलू नकोस.

आजोबांना माझा नमस्कार सांग. ते बरं म्हणतील, तेही कळव.

रागावलीस तरी पत्रांत खंड पाडू नकोस.
तुझी
भिंगरी


२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
आजीचे अ. उ. आ.

मी हळू वाचते हे तुला माहीत हवं होतं. एक ओळ वाचली की उठून कुकर बघायचा, मग दुसरी. "आधी भोकं" या ओळीपर्यंत येईतो आकार देऊन झाला होता. आता तुझ्याच अक्षराला पाय फुटले नाहीत त्याला मी काय करू?

हो, ती तीच गाठ. मला काय ठाऊक नव्हतं होय? ट्रंकेवरची धूळ मीच पुसायचे. पण ट्रंकेत परत ठेवायची म्हणजे आता कठीण आहे, कारण कोपरा आधीच उडवला. तुझ्या बाबाला चेहरा हवा ना, तर लिहून घे. करवत लागली तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. मी म्हटलं, अहो, झोपू नका, दिवसा झोपलं की रात्री त्रास होतो. आणि मग डोळे मिटले की मी तोंडाने सांगत गेले, आता उजवी कड उतरवते, आता जरा जास्तच उतरली, आता डावी तिच्या जोडीला आणते. डोळ्यांतून पाणी येत होतं. डॉक्टर म्हणालेच होते, या आजारात डोळ्यांतून पाणी येतं. मी पुसलं. भुंग्यासारखं बरं बरं बरं चालू होतं.

भोकांची काळजी करू नकोस. त्याचा सराव मी गाजरांवर केला. गाजराचा ठोकळा कापायचा, वरून वाटी, बाजूने नळी. पहिली सगळी वाकडी गेली. टाकायची कशी, म्हणून उकडून मऊ करून तुझ्या आजोबांनाच भरवली. काय सांगू तुला, प्रत्येक तुकडा तोंडापाशी नेला की आधी त्यातलं भोक बघत. वाकडं असलं की तोंड घट्ट मिटत. मी नाक चिमटीत धरलं की उघडत. हल्ली गाजरं सरळ येतात, पण आता ते ती बघतही नाहीत.

मधेच दुकानदार येऊन गेला. टेबलावर ती गाठ आणि माझ्या हातात कानस बघून त्याने कपाळाला हात लावला, मग आजोबांकडे वळला. त्यांनी डावा हात त्याच्या बाहीत अडकवला आणि बरं, बरं, बरं, असं म्हणत राहिले, सोडेचनात. दुकानदार गहिवरला. मला म्हणाला, काय मन मोठं झालंय हो यांचं, एवढी जपलेली वस्तू बायकोला शिकायला दिली. मी म्हटलं, आहेतच ते तसे. चहा घेऊन गेला बिचारा.

तुझ्या बाबाने तुला ते कधी सांगितलं नसेल, म्हणून मी सांगते. तुझ्या आजोबांच्या खिशात एक पोलादी सुई असते, विणायच्या सुईहून बारीक. शिकायला आलेल्याने पाईप पुरा केला की ती सुई ते दांडीतून सारायचे आणि वाटीत डोकवायचे. तळाला, बरोबर मधोमध टोक दिसलं पाहिजे. केसभर इकडे तिकडे झालं की पाईप मेण वितळवायच्या शेगडीत. आणि मग एवढंच म्हणायचे, "आता शीक." मोठमोठे बाप्ये त्या खोलीतून नाक ओढत गेलेत.

तुझ्या बाबाला तेव्हा मिसरूड फुटत होतं. त्याने पहिला पाईप केला, वडिलांच्या हातात दिला आणि समोर उभा राहिला, असा, दोन्ही हात मागे धरून. त्यांनी सुई घातली. खूप वेळ वाटीत बघत राहिले. मग शेगडीचं झाकण काढलं. आता शीक, म्हणाले. तुझा बाबा पायात होत्या त्या चपलांवर गेला तो थेट बेकरीत. बाकी तुझा जन्म वगैरे तुला माहीत आहे.

आता मला वाटी कोरायची आहे. गोल झालेला पाईप शिकंज्यात घसरतो, म्हणून त्यांचा लोकरी मफलर फाडून गुंडाळला. छान धरतो.

तुझ्या पाईपचं मी कुणाला बोलणार नाही. आजोबांच्या कानात तेवढं सांगितलं, ते कुणाला सांगणार? बरं म्हणाले.

ही म्हातारी जगते आहे तोवर जीव लावत राहा.
तुझी आजी


११ फेब्रुवारी

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. गाजरांपर्यंत मी हसत होते. नंतर हसू कुठे थांबलं ते कळलं नाही, पण थांबलं.

इथल्या दवाखान्यात जाऊन मी मुद्दाम विचारून आले. ते म्हणाले, अशा आजारात एखादाच शब्द तोंडात अडकून राहतो. माणसाला नको म्हणायचं असलं तरी तोच बाहेर पडतो, ओरडायचं असलं तरी तोच. आजी, तू गाठ सोडलीस तेव्हापासून ते नाही म्हणत आहेत. तुझा गैरसमज झाला असेल म्हणून लिहिते. आता तरी थांब. जेवढं उरलं आहे तेवढं फ्लॅनेलमध्ये ठेव आणि ट्रंक त्यांना दिसेल अशी ठेव.

हे माझं झालं. बाबांचं वेगळं आहे. शेगडीची हकिगत वाचली तेव्हा ते पाठमोरे होते. म्हणाले, सुई जरा डावीकडे आली असेल, माझा हात डावीकडे ओढायचा. तेवढंच. आजी, ते अजून पाव कापताना सुरी उजवीकडे झुकवून धरतात. मला वाटायचं, ती त्यांची लकब आहे.

मग म्हणाले, आईला थांबवू नकोस. होईल तसा होऊ दे. झाला की तो पाईप मला पाठव म्हणावं. त्यांनी आजवर तुमच्याकडून कधी काही मागितलेलं नाही, म्हणून कळवते.

माझा पाईप होत आला आहे. नळी सरळ गेली असं वाटतं, पण खात्री कशी करणार? माझ्याकडे तशी सुई नाही.

मी लिहिलेलं मनाला लागलं तरी माया आटू देऊ नकोस.
तुझी
भिंगरी


३ मार्च

चि. भिंगरीस,
आजीचे अ. उ. आ.

तू दवाखान्यात जाऊन विचारलंस, गुणाची ती. मला विचारलं असतंस तर चालत जायचे श्रम वाचले असते. पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी मला दारापाशी घेऊन हेच सांगितलं होतं. म्हणाले, आजी, तोंडातून येतं ते मनातलं नाही, पण यांचं डोकं शाबूत आहे, यांना सगळं कळतंय. सगळं कळतंय हे ऐकून मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू. नाहीतर इतकी मेहनत कुणासाठी करायची?

पाईप झाला. अगं, असा झाला! गाठीतल्या सगळ्या रेषा तळातून वर वाटीच्या काठापर्यंत चढल्या आहेत, एकही कुठे मोडली नाही. घासणं तर माझ्याच हातचं, त्यात मला कोण हरवणार? मेण दिलं आणि खिडकीत धरला, तर मलाच खरं वाटेना. तोंडात धरायचा काळा तुकडा त्यांच्या जुन्या पाईपचा काढून बसवला, त्यांच्या दातांची खूण होती ती घासून टाकली.

मग त्यांच्या खिशातून सुई काढली. डावा हात खिशावर दाबून धरला होता, पण डावाच तो, किती धरणार? त्यांच्या डोळ्यांसमोर दांडीतून सुई सारली आणि वाटी त्यांच्याकडे वळवली. मधोमध. केसाचा फरक नाही. गाजरं कामाला आली बघ.

आता तुझ्या बाबाला चेहरा सांग. ते बघत राहिले. आधी सुईचं टोक, मग रेषा, मग माझे हात. माझे हात त्यांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदा पाहिले असतील. मग डावा हात हळूच पुढे आला, लहान मूल मागतं तसा, तळवा वर करून. आणि बरं म्हणाले. एकदाच, हळू. बाकीची सगळी बरं तोंडातली होती, हे मात्र पोटातलं होतं. मी ओळखते त्यांना.

मी शेगडीचं झाकण काढलं आणि पाईप आत ठेवला. फेकला नाही, ठेवला. मग त्यांच्याकडे वळून म्हटलं, "आता शिका."

मुळाचं लाकूड, लवकर पेटत नाही. मेण आधी पेटलं. वास फार गोड येतो, तुला आवडला असता. त्यांची खुर्ची मी जरा जवळ सरकवली होती. संपेपर्यंत बघत होते, या खेपेला डोळे मिटले नाहीत. मग मी त्यांना सूप भरवलं आणि मीही जेवले. कितीतरी दिवसांनी अन्न गोड लागलं.

तुझ्या बाबाला सांग, त्याचा हात डावीकडे ओढत नव्हता. पहिला पाईप दाखवायच्या त्या सकाळी तो आंघोळीला गेला होता तेव्हा मी यांच्या खुंटीवरच्या सदऱ्यातली सुई काढून गुपचूप घालून बघितलं होतं. मधोमध होती. म्हणून तर ते इतका वेळ वाटीत बघत राहिले. बाकीच्यांचे पाईप त्यांनी सवयीने जाळले, हा मात्र भीतीने जाळला. पहिल्याच फटक्यात पोराला जमलं, मग बापाची किंमत काय राहिली? एवढं साधं आहे ते. त्याने उगाच सुरी वाकडी धरू नये.

पाईप त्याने मागितला होता, तो आता नाही. पण रिकाम्या हाताने पत्र कसं पाठवू, म्हणून सोबत सुई पाठवते. कागदात नीट गुंडाळली आहे, उघडताना बोटाला लागेल, सांभाळ. तुलाही तुझा पाईप तपासायला हवीच होती.

आजीचा हात धरून ठेव, सोडू नकोस.
तुझी आजी

ता. क. आता ते बरंही म्हणत नाहीत. घर कसं शांत वाटतं.


२० मार्च

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र आणि सुई मिळाली. बोटाला लागली नाही.

बाबांना वाचून दाखवलं. पुढे काय लिहिलं आहे ते आधी डोळ्यांखालून घालायला हवं होतं, पण मला तशी सवय नाही. "मधोमध होती" इथे ते म्हणाले, पुन्हा वाच. मी वाचलं. म्हणाले, पुन्हा. मग त्यांनी हात धुतले, पुसले आणि खुर्चीवर बसले. कणीक परातीत तशीच फुगून बाहेर आली. गिऱ्हाइकं दार वाजवून गेली. तुला इतकी वर्षं माहीत होतं, असं ते बोलले नाहीत. मी बोलते. तुला इतकी वर्षं माहीत होतं.

मला वाटलं, आता दाखवावा. आपला हात चांगला होता हे त्यांना कळलं आहे, तर त्यांच्या हाताचा गुण माझ्यात उतरला हेही कळू दे. म्हणून मी दुकानात जाऊन पाईप आणला आणि त्यांच्या हातात दिला. आजी, तो काही तुझ्या गाठीसारखा नव्हता. फ्रेमच्या लाकडाचा होता, एका बाजूला फ्रेमची जुनी सोनेरी रेघही राहिली होती. ती मी मुद्दाम ठेवली होती.

समोर उभी राहिले. नंतर माझ्या लक्षात आलं की मी हात मागे धरले होते.

त्यांनी सुई घेतली आणि दांडीतून सारली. वाटीत बघितलं. मीही वरून वाकून बघितलं. टोक तळाशी होतं आणि बरोबर मधोमध होतं. मी त्यांच्याकडे बघून हसले. ते अजून वाटीतच बघत होते, आणि त्यांचा चेहरा मला ओळखीचा वाटेना. लहानपणापासून ज्यांनी माझ्यावर कधी आवाज चढवला नाही त्यांचा तो चेहरा नव्हता. ते उठले, भट्टीचं दार उघडलं आणि पाईप आत सारला, जसे ते रोज पाव सारतात तसा.

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आता".

पुढचा शब्द त्यांच्या तोंडातून निघाला नाही. तोंड हलत होतं. मी वाट बघत उभी होते, का ते मला ठाऊक नाही. मग त्यांनी भट्टीचं दार उघडून आत हात घातला. मी मागे ओढलं तेव्हा बाही पेटली होती. उजवा हात कोपरापर्यंत भाजला आहे. डॉक्टर म्हणतात, बोटं वाचतील, पण मळायचं काम आता होणार नाही.

बेकरीच्या मालकाने दुसरा माणूस ठेवला आहे. बाबा खिडकीपाशी बसून असतात. बोलू शकतात, बोलत नाहीत. काल त्यांनी डाव्या हाताने खूण करून सुई मागितली. मी दिली नाही. ती माझ्या खिशात आहे. दुकानातून मी नवीन लाकूड आणलं आहे आणि टेबल त्यांच्या खुर्चीसमोर लावलं आहे. या खेपेला आधी भोकं पाडणार आहे.

तू आनंदात आहेस हे वाचून कळलं. अशीच राहा.

लोभ होता तेवढा आहे, पत्र मात्र आता नाही.
भिंगरी